कणा जुळायच्या आधी

"आई, आणखी एक वर्ष तरी नाही," त्रिशला म्हणाली. हातातली कात्री तिने थांबवली नाही.

बागेत विरळणी चालली होती. डिसेंबरात घडामध्ये मण्यांची दाटी होते, तेव्हा मधले मणी कात्रीने काढून टाकावे लागतात, नाहीतर एकही मणी धड फुगत नाही. मांडवाखाली बाया ओळीने कामाला लागल्या होत्या आणि मी त्यांच्या देखतच सुनेला विचारलं होतं, की लग्नाला दोन दिवाळ्या झाल्या, आता घरात पाळणा कधी बांधायचा. आमच्याकडे हे असंच चारचौघींत विचारतात. सून लाजून मान खाली घालते, बाया हसतात, की झालं.

त्रिशला लाजली नाही. तिने सरळ उत्तर दिलं. बायांच्या कात्र्या थांबल्या.

"एक वर्ष? ते का? शिकायला जायचंय का कुठं?"

"नाही."

"मग?"

"कारण आहे, आई. वेळ आली की सांगेन."

असं म्हणून ती पुढच्या वेलाकडे सरकली. मी तिच्या पाठीकडे बघत राहिले.

कोणी 'नाही' म्हणायची मला फारशी सवय नव्हती, हे खरं आहे. आमचे हे गेले तेव्हा भरत कॉलेजात होता आणि चार एकर द्राक्षबाग माझ्या अंगावर पडली. दीर म्हणाले, वाट्याने देऊन टाका. मी म्हणाले, बघू. पहिल्या वर्षी दावण्या रोगाने अर्धी बाग खाल्ली. दुसऱ्या वर्षीपासून कुठलं औषध, किती आणि कधी, हे मी कोणाला विचारायचं थांबवलं. तासगावचा दुकानदार मला बघून खुर्ची पुढे करायचा. गावात मला सगळे अक्का म्हणतात, आणि अक्का म्हणाली म्हणजे झालंच, असाही एक समज होता. तो मीच पसरवला होता.

तर अशा मला सुनेने सगळ्यांसमोर उत्तर दिलं होतं आणि कारण सांगितलं नव्हतं.

दुपारी भरत टाकीपाशी औषध कालवत होता. मी तिथे गेले.

"तुझी बायको मूल नको म्हणते."

"ऐकलं मी."

"तुझं काय म्हणणं?"

"तिचं तेच माझं."

"तुझ्यात काही कमी आहे का?"

"आई!"

"मग तिच्यात?"

"पंप गळायला लागला बघ," तो म्हणाला. पंप गळत नव्हता.

"आणि महिना झाला की दोघं मिरजेला कशाला जाता?"

"सिनेमाला."

"सांगली सोडून मिरजेला?"

त्याला खोटं बोलता येत नाही. लहानपणीसुद्धा कान लाल व्हायचे. त्या दिवशीही झाले. मी जास्त ताणलं नाही, पण मनात एक गोष्ट नक्की केली. हंगाम उरकला की या दोघांना समोर बसवायचं आणि छडा लावायचा. माझी जाऊ विमल शेजारीच राहते, तिने तेवढ्यात आपला अंदाज बांधूनही टाकला होता. "शहरातली पोरगी," ती म्हणाली, "अंग सुटू नये म्हणून करत असेल." मला ते पटलं नाही. त्रिशला अंग जपणारी नव्हती. सांगलीत वाढलेली, बीएस्सी झालेली पोर, पण पहाटे चिखलात उतरायची आणि काटा धरून क्रेटांची वजनंही करायची.

फेब्रुवारीत माल काढायला सुरुवात झाली. व्यापाऱ्याची गाडी बांधावर उभी, ऊन चढायच्या आत माल भरायचा, त्यामुळे घरात कोणाचीच झोप होत नव्हती. त्रिशलाची तर मुळीच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीपाशी होते. बागेतून कोणीतरी किंकाळी फोडली.

मी धावले. दोन ओळींच्या मधे त्रिशला पडली होती. अंग ताठ, डोळे वर गेलेले, ओठ निळे. मग हातपाय झटके खाऊ लागले. बाजूला क्रेट उलटून द्राक्षं सांडली होती आणि तिची टाच त्यांच्यावर आपटत होती. बाया मागे सरल्या. "चप्पल हुंगवा," एकजण म्हणाली. दुसरी कांदा आणायला धावली. विमलने चमचा मागितला, दात उघडायला. मी मात्र नुसती उभी होते. मला काही सुचत नव्हतं, आणि असं माझं कधी होत नाही.

मग भरत आला. तो ओरडला नाही, घाबरलाही नाही. "तोंडात काही घालायचं नाही," तो म्हणाला. "लांब व्हा. वारा येऊ द्या." तिच्या हातातून पडलेली कात्री त्याने पायाने लांब सारली, खांद्यावरचा टॉवेल घडी करून तिच्या डोक्याखाली सरकवला, आणि झटके कमी होताच तिला अलगद कुशीवर वळवलं. लाळ बाहेर आली. त्याने पुसली. एका हाताने तिची पाठ धरून ठेवली आणि दुसऱ्या हाताच्या घड्याळाकडे बघत राहिला.

त्याचे हात बघता बघता मला कळलं. माझ्या पोराला हे सगळं माहीत होतं. कोणीतरी त्याला शिकवलं होतं आणि तो या दिवसाची तयारी करून होता. या घरात एक मोठी गोष्ट घडत होती आणि ती फक्त मला ठाऊक नव्हती.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. विमल माझ्या सोप्यावर येऊन बसली होती, आणखी दोघी-तिघी आल्या होत्या. दिवेलागणीला त्रिशलाचे वडील सांगलीहून आले. आप्पासाहेब चौगुल्यांचं कापडाचं दुकान आहे, माणूस सरळ, चार शब्द कमीच बोलणारा. ते उंबऱ्यातच थांबले आणि हात जोडले.

"विहीणबाई, दोष माझा आहे. पोरगी म्हणत होती, सांगू या. मीच तिचं तोंड बंद केलं. आता तुम्ही म्हणाल तसं. गाडी घेऊन आलोय."

"घेऊनच जा," विमल म्हणाली. "फसवणूक आहे ही. आमच्या पोराच्या गळ्यात..."

"विमल, थांब," मी म्हणाले.

आतून त्रिशला आली. भिंतीला हात धरून चालत होती. जीभ चावली गेली होती, त्यामुळे शब्द जड पडत होते, पण आवाज शांत होता. ती वडिलांना म्हणाली, "आण्णा, मी कुठं येणार नाही."

"तू आधी बस," मी तिला म्हणाले. ती बसली. भरत तिच्याशेजारी जमिनीवर बसला.

"कधीपासून आहे हे?"

"तेरा वर्षांची होते तेव्हापासून."

"भरतला?"

"बघायला आला त्याच दिवशी सांगितलं. आमच्या गच्चीवर. म्हटलं, मला फिट येतात, गोळी चालू आहे, पटलं तर हो म्हण."

"आणि मी हो म्हणालो," भरत म्हणाला.

"आणि मला?"

भरतचे कान लाल झाले.

"मला सांगितलं असतंत तर मी हे लग्न होऊ दिलं नसतं," मी म्हणाले. जे होतं ते बोलले.

"म्हणूनच नाही सांगितलं," त्रिशला म्हणाली.

रागाच्या भरातसुद्धा मला ते उत्तर आवडलं. दुसरी असती तर पाया पडली असती, रडली असती, बापाकडे बोट दाखवलं असतं.

"आई, पाच वर्षांत एकदाही फिट आली नव्हती," ती पुढे म्हणाली. "जुन्या गोळीवर मी अगदी ठीक होते. आज आली, कारण डॉक्टर हळूहळू ती गोळी कमी करून दुसरी चढवतायत. त्यात जागरण झालं."

"ठीक होतीस तर गोळी बदलायची कशाला? कोणत्या डॉक्टरने सांगितलं?"

"मीच बदलून मागितली."

"कशासाठी?"

"बाळासाठी."

मी दचकले. "दिवस गेलेत तुला?"

"नाही. जे अजून नाही, त्याच्यासाठी."

विमल फिसकन हसली. "ऐका! मूल नको म्हणायचं आणि वर म्हणे बाळासाठी."

मला काही कळलं नव्हतं. पण जे कळलं नाही त्यावर मी निकाल देत नाही. पानावर डाग दिसला म्हणून लगेच फवारा मारणाऱ्यांच्या बागा मी बुडताना बघितल्या आहेत. "आज कोणी कुठं जाणार नाही," मी सांगितलं. "पाहुणे, तुम्ही जेवून जा. त्रिशला, उद्या मला तुझ्या त्या डॉक्टरकडे घेऊन चल. माझ्या कानाने ऐकेन, मग बोलू."

डॉक्टर शेणोलीकर म्हणजे माझ्याच वयाच्या बाई निघाल्या. मिरजेत पहिल्या मजल्यावर दवाखाना, टेबलावर मेंदूचा एक प्लास्टिकचा नमुना. त्यांनी आधी त्रिशलाची जीभ बघितली, डोळे बघितले, गोळीचं प्रमाण थोडं वाढवलं. मग माझ्याकडे वळल्या.

"तुमच्या सुनेबद्दल तिच्या परवानगीशिवाय मी काही सांगणार नाही."

"सगळं सांगा, मॅडम," त्रिशला म्हणाली. "काही राखू नका."

"विचारा मग," बाई मला म्हणाल्या.

मी विचारलं, की चांगली चाललेली गोळी का बदलली.

"ती व्हॅल्प्रोएट नावाची गोळी घेत होती," त्या म्हणाल्या. "फिटसाठी गोळी उत्तम आहे. पण पोटात बाळ असताना ती बाळापर्यंत पोचते. आणि बाळाचे अवयव घडत असताना पोचली तर त्या घडणीत बिघाड करू शकते. कुणाच्या पाठीचा कणा नीट मिटत नाही, मज्जारज्जू उघडा राहतो, मग ते मूल पायांनी अधू होतं. कुणाच्या हृदयाला भोक राहतं, कुणाचा ओठ किंवा टाळू फाटलेली राहते. काही मुलं दिसायला अगदी चांगली असतात, पण पुढे बोलायला, शिकायला मागे पडतात."

"सगळ्यांनाच होतं?"

"नाही. शंभर आयांनी ही गोळी घेतली तर दहाएक बाळांच्या शरीरात मोठा दोष निघतो. बाकीची शरीराने ठीक असतात. पण शिकण्यात मागे पडणारी त्याहून जास्त असतात, दहात तीन-चार. आणि कुठल्या बाळाला होणार ते आधी सांगता येत नाही."

"मग सोपं आहे की. दिवस गेले की गोळी बदलायची. त्याच्यासाठी आधी वर्षभर थांबून काय मिळतं?"

बाईंनी मान हलवली. हा प्रश्न त्यांना रोज कोणीतरी विचारत असावं. "बाईला आपण गरोदर आहोत हे कधी कळतं? पाळी चुकली की. त्यातही आठवडाभर ती वाट बघते. मग तपासणी, मग घरी सांगणं, मग दवाखाना. आणि पाळी चुकल्यावर पंधरा दिवसांच्या आत बाळाचा कणा मिटायचा तो मिटलेला असतो. हृदय धडधडायला लागलेलं असतं. पहिल्या दोन-अडीच महिन्यांत बाळाच्या बहुतेक सगळ्या अवयवांची मांडणी होऊन जाते. पुढचे महिने वाढीचे. मेंदू तेवढा शेवटपर्यंत घडत राहतो. म्हणजे माझ्याकडे बाई पेढे घेऊन येते तोवर कण्याचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं."

हे मला कोणी समजावून सांगायची गरज उरली नाही. फुलोऱ्यात, मणी धरायच्या त्या थोड्या दिवसांत चुकीचं औषध पडलं तर घड कायमचा बिघडतो. महिन्याने तेच औषध बदाबदा ओतलं तरी मण्याचं काही वाकडं होत नाही. औषध तेच असतं, वेळ वेगळी असते. माझ्या बागेत मी हे इतकी वर्षं सांभाळत आले होते, पण बाईच्या पोटातही असाच एक फुलोरा असतो आणि तो बाईला कळायच्या आत सरून जातो, हे मला माहीत नव्हतं.

"मग गोळ्याच बंद करून टाका ना," मी म्हणाले. "नऊ महिने सोसेल ती. मी आहे बघायला."

"हे कधी करू नका," बाईंचा आवाज एकदम कडक झाला. "आणि कोणाला करूही देऊ नका. एकाएकी गोळी बंद केली की फिटांवर फिटा येतात. आईचा जीव जातो, बाळाचाही जातो. काल तुम्ही एक बघितलीत, तशा थांबल्याच नाहीत तर काय होईल? म्हणून आधी बदलायची, सावकाश. नवी गोळी त्यामानाने बरीच सुरक्षित आहे. ती लागू पडली, काही महिने फिटशिवाय गेले, जोडीला फॉलिक ॲसिड चालू झालं, की मग दिवस जाऊ द्यायचे."

"नव्या गोळीने काही होणार नाही, हे लिहून देता?"

"नाही. ज्यांनी कधी एकही गोळी घेतली नाही, त्यांच्याही शंभर बाळांत दोन-तीन बाळांना काही ना काही दोष असतो. लिहून कोणीच देत नाही."

ती बाई मला तिथेच आवडली. खात्री देणाऱ्या दुकानदारांवर माझा कधीच विश्वास नव्हता.

"आणखी एक गोष्ट," त्या म्हणाल्या आणि त्रिशलाकडे बघितलं. त्रिशलाने मान हलवली. "गेल्या सप्टेंबरात मी हिला समजावलं होतं, की गोळी बदलताना फिट येऊ शकते. कुठेही, कोणासमोरही. तुमच्या घरात हे कोणाला माहीत नव्हतं. म्हटलं, विचार कर. जुन्या गोळीवर राहिलीस तर हे कधी बाहेर येणारही नाही. मूल दत्तक घेता येईल. किंवा नशिबावर सोडून, दहात नऊ बाळांचं शरीर ठीक असतं म्हणून, तसंच होऊ देणाऱ्याही बायका मी बघितल्यात. हिने काय उत्तर दिलं माहीत आहे?"

"मॅडम, ते राहू दे," त्रिशला म्हणाली.

"ही म्हणाली, फिट आली तर माझं लग्न मोडेल. मोडलं तर माझं मोडेल. बाळाचं काही मोडायला नको."

मी त्रिशलाकडे बघितलं नाही. टेबलावरच्या त्या प्लास्टिकच्या मेंदूकडे बघत बसले. पाच महिने ही पोर माझ्या घरात, माझ्या बायांच्या घोळक्यात, हातात कात्री घेऊन वावरली होती. कुठल्याही क्षणी पडेन आणि सगळं संपेल हे जाणून वावरली होती. मी तिला चारचौघींत पाळण्याचं विचारलं, आणि ती मला म्हणाली, वेळ आली की सांगेन.

जीपमध्ये भरत पुढे, आम्ही दोघी मागे. मिरज मागे पडली.

"माझी एक अट आहे," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे बघितलं. भरतने गाडी हळू केली.

"यापुढे औषध बदललं, वाढवलं, कमी केलं, तर मला त्याच दिवशी कळलं पाहिजे. माझ्या बागेत मला न विचारता कोणी औषध बदललेलं मी चालवून घेत नाही. घरातही घेणार नाही."

त्रिशला आधी हसली, मग जीभ दुखली म्हणून तोंड धरून बसली.

"आणि हंगामात पहाटेला मी उठेन. तू झोपायचं."

"आई, पण काटा..."

"काटा मला बघता येतो."

घरी पोचल्यावर मी आप्पासाहेबांना फोन केला. म्हटलं, पोरगी इथंच आहे आणि इथंच राहणार आहे, पण तुम्ही माझ्याशी खोटं वागलात ते मी विसरणार नाही, पुढच्या वेळी येताना मिठाईचा मोठा पुडा आणा.

विमलला सांगणं जास्त अवघड होतं, पण तेही उरकलं. "आम्हाला एक वर्ष थांबायचंय," मी तिला म्हणाले. "आम्हाला. कळलं? कोणी विचारलं तर माझ्याकडे पाठव." दुसऱ्या दिवशी बागेत सगळ्या बायांना गोल बसवलं. एकीला आडवं पाडून भरतकडून दाखवून घेतलं, कुशीवर कसं वळवायचं, काय करायचं नाही. चप्पल, कांदा, चमचा, सगळं बाद. बाया आधी खिदळल्या. मग मन लावून बघू लागल्या. त्यातली एक संध्याकाळी माझ्यामागे मागे घरापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "अक्का, माझ्या भाचीला पण येतंय असं. तिला देवऋष्याकडे नेत्यात." मी तिला शेणोलीकर बाईंचा पत्ता दिला.

ते वर्ष सोपं गेलं नाही. मार्चमध्ये आणखी एक फिट आली, तीही स्वयंपाकघरात, आणि त्या वेळी घरात मी एकटी होते. मी तिला कुशीवर वळवलं, पाठ धरून ठेवली, घड्याळाकडे बघत राहिले. गोळी पुन्हा वाढली. मग हळूहळू ती लागू पडली. पावसाळा गेला, दिवाळी गेली, पुढचा हंगाम निघाला, फिट आली नाही. तिच्या फॉलिक ॲसिडची बाटली मी माझ्या चहाच्या डब्याशेजारी ठेवली होती. आमच्या जैन मंदिरात, बस्तीत दर्शनाला गेले की कोणीतरी विचारायचंच, अजून काही नाही का? मी म्हणायची, "घाई तुम्हाला आहे. आम्हाला नाही." ऐकणारीचं तोंड बंद व्हायचं.

एप्रिलची छाटणी झाली आणि मेमध्ये त्रिशला एका सकाळी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आई, तुम्हाला त्याच दिवशी कळलं पाहिजे म्हणाला होतात ना," ती म्हणाली. मी देवाला साखर ठेवली आणि तिला घेऊन मिरजेला निघाले.

पाचव्या महिन्यात मोठी सोनोग्राफी होती, बाळाचा एकेक अवयव बघायची. सोनोग्राफीचे डॉक्टर म्हणाले, एकालाच आत येता येईल. भरतने माझ्याकडे बघितलं आणि स्वतः बाकावर बसला.

खोलीत अंधार होता. पडद्यावर पांढरं-काळं काहीतरी हलत होतं. त्रिशलाचा हात माझ्या हातात होता. डॉक्टर तरुण होते, फारसं बोलत नव्हते, पण त्यांना कागदावरून सगळं माहीत होतं. त्यांनी मोठ्याने सांगत सांगतच बघायला सुरुवात केली. कवटी पूर्ण आहे. वरचा ओठ सलग आहे. हृदयाचे चारही कप्पे दिसतायत. हे पोट, ही दोन्ही मूत्रपिंडं. हे हात, ही बोटं.

"आता कणा बघू," ते म्हणाले, आणि गप्प झाले.

बाळ पाठ खाली करून निजलं होतं, वळत नव्हतं. त्यांनी त्रिशलाला एका कुशीवर केलं, मग दुसऱ्या. वाट बघितली. पुन्हा यंत्र फिरवलं. मला पडद्यावरचं काही कळत नव्हतं, म्हणून मी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होते. मग बाळ वळलं. पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या दोन ओळी उमटल्या, अगदी जवळजवळ, मानेपासून खाली जात जात निमुळत्या झालेल्या.

"कुठंही फट नाही," डॉक्टर म्हणाले. "वरची कातडीही सलग आहे. सोनोग्राफीत दिसतं तेवढं सगळं चांगलं आहे."

त्रिशलाचा हात माझ्या हातात थरथरायला लागला. क्षणभर मला वाटलं फिट येतेय, आणि मी तिला वळवायला वाकलेही. पण ती रडत होती. हमसून हमसून, तोंड माझ्या पदरात खुपसून रडत होती. ज्या रात्री बापाने गाडी आणली होती त्या रात्रीही ती रडली नव्हती.

"आई, मला फार भीती वाटत होती," ती म्हणाली. "पहिल्यापासून. रोज."

"मग मला सांगायचं नाही का?"

"तुम्हीही घाबरला असता. मग मी कोणाकडे बघितलं असतं?"

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. मेपासून मला झोप नव्हती, हे मी तिला तेव्हाही सांगितलं नाही.

जानेवारीत मुलगी झाली. चेलना. आता ती अकरा वर्षांची आहे, बोलायला लागली की थांबत नाही आणि गणितात बापाला हरवते. पण तिच्या जन्माची सकाळ मला रोज आठवते. नर्सने दुपट्यात गुंडाळलेलं बाळ माझ्या हातात दिलं. मी दुपटं सोडलं, बाळाला माझ्या तळहातावर पालथं केलं आणि मानेपासून खालपर्यंत पाठीवरून सावकाश बोट फिरवलं. एकदा, मग पुन्हा एकदा.

"अहो आजी," नर्स ओरडली, "आधी तोंड तरी बघा बाळाचं!"

"तोंड आता जन्मभर बघायचंय," मी म्हणाले.